भरमाण्णांच्या हलक्या पट्ट्या

भरमाण्णा कामावर आले की आधी डोक्यावरची टोपी काढायचे आणि भट्टीच्या मीटरवर अडकवायचे. मीटरवर तापमानाचा आकडा दिसतो, तो त्यांना दिसायला नको असायचा. "त्येच्याकडं बगिटलं की डोळं आळशी हुत्यात," म्हणायचे.

उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, आमच्या शेडमध्ये लोखंडाला ताप द्यायचं काम चालतं. कुणाचे गिअर येतात, कुणाच्या ट्रॅक्टरच्या पिना. तापवायचं, तेलात नाहीतर पाण्यात बुडवायचं, परत थोडं शेकायचं. मी तिथल्या लॅबमध्ये. भट्टीतून निघालेला माल किती कडक झाला, किती मार सोसतो, हे मशीनवर बघायचं काम माझं. म्हणजे भरमाण्णांच्या मते मी रिकामीच.

मूळचे सदलग्याचे, जैन, राहायला पिरनवाडीत. निम्मं बोलणं कानडी, निम्मं मराठी. माल लवकर काढा म्हणून कुणी मागं लागलं की तळहात वर करून "तडी, तडी" म्हणायचे. तडी म्हणजे कानडीत थांब. मग भट्टीच्या भोकाला एक डोळा लावायचे आणि सांगायचे, "पिकल्या तोंडल्यागत झालंय, आता काडा." मी हळूच टोपी उचलून आकडा बघायची. त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असायचा. मी बघितलं हे त्यांना कळायचं, आणि त्या दिवशी ते माझ्याशी लई गोड बोलायचे.

माणसांचीही पारख अशीच. नव्या मॅनेजरांबद्दल म्हणाले होते, "कडक हाय, पर शेकलेला न्हाय. एक दीस ताडकन जाईल." मॅनेजर तीन महिन्यांत भांडून गेले.

मग एकदा कॉलेजातले एक सर नव्या जातीच्या हलक्या पोलादाच्या पट्ट्या घेऊन आले. त्यात मँगनीज आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर घातलेलं. भरमाण्णांनी एक पट्टी हातावर झुलवून बघितली. "ह्यातलं कायतरी काडून घेटलंय," म्हणाले.

पट्टी लालभडक तापवून पाण्यात घातली. नेहमीचं पोलाद अशानं कडक होतं, हे मऊ पडलं. भरमाण्णा त्या दुपारी जेवले नाहीत. सरांनी समजावून सांगितलं, "अण्णा, हे आता कमी आचेवर काही तास ठेवायचं, मग हळूहळू कडक होतं. पण जास्त वेळ राहिलं तर ठिसूळ."

"ते रंगावरनं कळतंय न्हवं?"

"नाही. बाहेरनं काहीच दिसत नाही."

काम संपल्यावर भरमाण्णांनी उरलेल्या पट्ट्या सरांकडून मागून घेतल्या. कशाला, ते आम्हाला सांगितलं नाही. आठवडाभरानं त्यांनी सगळ्या शेडला खव्याचा गोड कुंदा वाटला. त्याचंही कारण सांगितलं नाही.

पुढं दीडेक आठवड्यानं चार दिवस ते आलेच नाहीत. आले ते थेट लॅबमध्ये, रुमालात गुंडाळलेले पट्टीचे दोन तुकडे घेऊन.

तेव्हा मला कळलं. त्यांच्या बायकोचा, पद्माक्कांचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांचं जड कॅलिपर बांधून त्यांनी जन्म काढला होता. भरमाण्णांनी त्याच मापाच्या हलक्या पट्ट्या बनवून बसवल्या होत्या. त्यातली एक मोडली. पद्माक्का दारातच पडल्या, खुबा मोडला.

"किती वेळ ठेवली होती भट्टीत?" मी विचारलं.

"दोन दीस. जास्ती कडक केली की जास्ती टिकंल वाटलं."

मोडलेली कड साखरेसारखी दाणेदार चमकत होती. वाकल्याची खूण नव्हती, ठिसूळ होऊनच मोडलेली. तरी मी म्हणाले, "मूळ पट्टीतच चीर असणार, अण्णा."

"पोरी, खोटं बोलू नगंस," ते म्हणाले.

मी पद्माक्कांना भेटायला गेले. त्या खाटेवर पडून होत्या, पण बोलायला उत्सुक. "अकरा दीस चालले बग. बस्तीत एकटी जाऊन देवाचं दर्शन घेऊन आले. पायाचा खडखडाट न्हाय, काय न्हाय. शेजारनीला कळलंबी न्हाय मी आलेली." मग आवाज खाली न करताच म्हणाल्या, "त्यास्नी सांग, नव्यानं पट्ट्या करा म्हनावं. डागदर म्हनतोय, जुनं जड आता पेलायचं न्हाय, हलक्यावर उभी ऱ्हाशील."

भरमाण्णा दाराशी उभे होते. दुसऱ्या दिवशी टोपी डोक्यावरच ठेवून ते भट्टीसमोर वही घेऊन बसले. आकडा लिहायचे, तास लिहायचे, पट्टीचा एक तुकडा काढून माझ्याकडे आणायचे. "मोड," म्हणायचे. मी हातोड्याच्या मशीनखाली तो मोडायची. ते कड बघायचे आणि परत जायचे. श्रावणात एक तुकडा असा निघाला, की मशीनला मोडलाच नाही. मी म्हणाले, "झालं, अण्णा. त्याच आचेवर पट्ट्या करा आणि बसवा."

पट्ट्या केल्या, पण बसवल्या नाहीत. "आनी एक बघू," म्हणायचे. त्याच आचेचे आणखी तुकडे आणायचे. एकही मोडला नाही. तरी "आनी एक." श्रावण गेला, गणपती गेले, दसरा आला. पडून पडून पद्माक्कांच्या छातीत कफ साठला, आणि चार दिवसांच्या तापात त्या गेल्या.

तेरा दिवसांनी भरमाण्णा लॅबमध्ये आले. तयार केलेल्या दोन पट्ट्या पद्माक्कांच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या. त्यांतली एक त्यांनी माझ्यापुढं धरली.

"मोड."

"ही नको, अण्णा."

"हीच. आतापतोर नुसतं तुकडं मोडलंस. ही तिच्या पायाला बसायची हुती."

मी पट्टी प्रेसखाली धरली. ती वाकली. आणखी दाब दिला, आणखी वाकली, दोन्ही टोकं जवळजवळ एकमेकांना टेकली. भरमाण्णांनी चष्मा लावून वळणावरून अंगठा फिरवला. कुठं चीर नव्हती.

"म्हंजे श्रावणातच तयार झालीवती," ते म्हणाले.

मी "होय" म्हणाले.

वाकलेली पट्टी त्यांनी पिशवीत घातली, सरळ पट्टी माझ्या टेबलावर ठेवली. शेडचा भोंगा झाला, सगळे डबे घेऊन निघाले. भरमाण्णा स्टुलावर तसेच बसून राहिले. घरी जायची घाई आता त्यांना नव्हती.