पायरीवरचे एकोणीस जोड

प्रानोमच्या सात खोल्यांच्या अतिथीगृहात तेवीस दिवसांत माणूस म्हणून कुणी फिरकलं नव्हतं, आणि पायरीशी मात्र एकोणीस जोड चपला पडल्या होत्या. पावसाळ्यात थायलंडातल्या आओ सोनच्या किनाऱ्यावर येतो कोण? समुद्र गढूळ, छत्र्या मिटलेल्या, मसाजवाली बाईसुद्धा माहेरी गेलेली. वास्तुदेवतेच्या इवल्याशा देवळीपुढे प्रानोम रोज लाल सरबताची बाटली ठेवायची, पण देवताही सुट्टीवर असावी.

एरवी प्रानोम पावसाळा सरल्यानंतरच्या दिवसांची वाट बघत खुशाल बसली असती. पण या खेपेला लेकीने, ओराथाईने, बँकॉकहून निर्वाणीचा फोन केला होता. "आई, शनिवारी मी येतेय. एक, फक्त एक पाहुणा घरात दिसला तर वर्षभर विषय काढणार नाही. नाही दिसला तर कुलूप लावायचं आणि तू नि बाबांनी माझ्याकडे यायचं." लेकीचं घर चौदाव्या मजल्यावर होतं. तिथल्या खिडकीतून समोरचा चौदावा मजला दिसायचा. प्रानोम एकदा आठवडाभर राहून आली होती आणि त्यात तिने लिफ्टमधल्या आरशाशिवाय कुणाशी धड बोलणं केलं नव्हतं.

तेव्हा तिने डोकं चालवलं. रिकाम्या खानावळीत गिऱ्हाईक शिरत नाही, हे काय सांगायला हवं? आणि घरात माणसं किती हे लोक बघतात ते पायरीवरच्या चपलांवरून. मग पायरी भरलेली दिसली पाहिजे. घरातले जुनेपाने सात जोड निघाले. उरलेल्यांसाठी तिने नवऱ्याला, सम्रितला, किनाऱ्यावर धाडलं. पावसाळ्यात समुद्र चपला फार आणून टाकतो, फक्त जोडीने टाकत नाही एवढंच. सम्रितचा स्वभाव असा, की सांगितलेलं काम जसंच्या तसं करायचं आणि का म्हणून विचारायचं नाही. त्याने पोतंभर चपला आणल्या आणि एक निळी, एक गुलाबी, दोन्ही डाव्या, अशा गंभीरपणे जुळवून मांडल्या.

शुक्रवारी दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "एक व्हॅन आली होती. बायका होत्या सात-आठ. ड्रायव्हरने पायरीकडे बघितलं, म्हणाला भरलंय इथं, आणि वळवून गेला."

"आणि तू काय करत होतास?"

"चपला नीट लावत होतो. वाऱ्याने हलल्या होत्या."

प्रानोमला रडावं की हसावं कळेना. तिने भाताखालचा विस्तव विझवला, सम्रितला स्कूटरवर बसवलं आणि पावसात त्या व्हॅनच्या मागे पिटाळलं. स्वतः मागे बसून ती एकसारखी "हाण, हाण" म्हणत होती. तो हाणत होता, पण तीस वर्षांची स्कूटर किती हाणणार.

व्हॅन नाक्यावर लमायच्या शेवयांच्या टपरीशी सापडली. लमाय तिची धाकटी मैत्रीण, आणि गावाचं वर्तमानपत्र. आत आठ वयस्क बायका शेवया ओढत होत्या आणि लमाय त्यांना सांगत होती, की प्रानोमताईकडे तर एकोणीस माणसं उतरलीत, पावसाळ्यात, विचार करा, तुम्ही पुढच्या गावाला जा.

प्रानोम दारात निथळत उभी राहिली. आता खोटं रेटायचं तर गिऱ्हाईक जाणार, खरं सांगायचं तर अब्रू. तिच्या डोळ्यांपुढे चौदाव्या मजल्याची खिडकी आली.

"एकही माणूस नाहीये," ती म्हणाली. "चपला समुद्राच्या आहेत. मीच मांडल्या."

लमायची पळी हातातच राहिली. मग त्या बायकांमधली चष्मेवाली म्हातारी हसू लागली आणि तिच्यामागे सगळ्याच. त्या यासोथोनच्या निवृत्त शिक्षिका निघाल्या. जन्म भातशेतीच्या मुलखात गेला, समुद्र एकदा डोळ्यांनी बघायचा म्हणून स्वस्ताईच्या दिवसांत निघालेल्या. चष्मेवाल्या बाईंचं नाव सोमचित, मुख्याध्यापिका. "छत्तीस वर्षं शाळा चालवली मी," त्या म्हणाल्या. "पटावर नावं भरपूर आणि बाकं रिकामी, हे आम्हाला काही नवं नाही. चला, आम्ही येतो तुमची हजेरी भरायला."

त्या संध्याकाळी सातही खोल्यांत दिवे लागले. शेवटची तर ड्रायव्हरने घेतली. प्रानोमला इतका आनंद झाला, की तिने देवळीपुढे एकदम दोन बाटल्या ठेवल्या. निजण्यापूर्वी तिने सम्रितला बजावलं, "ओराथाई पहाटेच्या बसने येईल. तिला ती सोंगं दिसायला नकोत. कचऱ्याची गाडी यायच्या आत पायरीवरच्या चपला उचल सगळ्या."

ओराथाई उजाडता उजाडता आली. सवयीने सँडल पायरीवर काढून आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. आठ बायका भाताची पेज पीत होत्या आणि तिची आई वाढता वाढता गात होती. आईला गाताना तिने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. तिला एकदम भरून आलं आणि ती वाटी घेऊन बसली. बाहेर कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला, थांबला, लांब गेला.

न्याहारी झाली. ओराथाईला दुपारची बस होती, बायका पुढच्या गावी निघायच्या होत्या. सगळ्या पायरीवर आल्या. पायरी स्वच्छ धुतलेली होती आणि तिच्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

प्रानोमने सम्रितकडे बघितलं.

"तूच म्हणालीस, सगळ्या," सम्रित म्हणाला.

मग सोमचितबाईंनी आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग समुद्राकडे. पाऊस थांबला होता आणि भरती ओसरून वाळू लांबपर्यंत उघडी पडली होती. "तिथं जायला कुठं चपला लागतात," त्या म्हणाल्या. "आणि घरी तरी कोण वाट बघतंय? राहू सोमवारपर्यंत." बायका परकर सावरत पोरींसारख्या वाळूकडे पळाल्या. ओराथाईने ऑफिसला फोन लावला आणि सोमवारी येत नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं आणि त्यांना काही ते पटलं नाही. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तीही पाण्याकडे गेली. कुलपाचा विषय तिने काढला नाही.

पुन्हा भुरभुर लागली तशी सगळी जणं आत येऊन पत्ते खेळत बसली. तेवढ्यात लमाय एका वाटीत शेवया घेऊन आली. रिकाम्या पायरीकडे बघून तिचा चेहरा पडला.

"गेल्या ना सगळ्या? ताई, मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं."

प्रानोमने तिच्या हातातली ती एकुलती वाटी बघितली. "आत ये. मोठं पातेलं लागणार आहे तुझं."

लमाय सवयीने पायरीशी वाकली आणि चपलेचा पट्टा सोडू लागली. प्रानोमने घाईघाईने तिचा हात धरला.

"तिथं ठेवू नकोस बाई. हातात घेऊन ये. सम्रितला मी अजून थांब म्हणून सांगितलेलं नाही."