तात्यांची विळी अजून व्हायचीय

आमच्या शेजारचे भानुदासतात्या रोज सकाळी आठच्या ठोक्याला गळ्यातली शिट्टी जोरात फुंकतात आणि स्वतःच्याच परसात कामावर हजर होतात. उशीर झाला तर स्वतःलाच झापतात. "ही काय याची येळ हाय?" असं एकदा कुंपणापलीकडून ऐकू आलं, तेव्हा मला वाटलं मलाच म्हणाले. मला शाळेत शिकवायला जायला उशीर झालाच होता, म्हणून मी निमूट पाय उचलला.

तात्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. कामगार कधी आला आणि कधी गेला, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं. पण निवृत्त झाल्यापासून ते कारखान्याच्या बॉयलरबद्दल असं बोलतात, जणू तो त्यांच्या मांडीवर खेळून मोठा झाला. कुठलाही विषय काढा, शेवटचं वाक्य ठरलेलं. "कारखान्यात असंच असतंय." नळाला पाणी आलं नाही तरी तेच, आणि माझी साडी इस्त्रीवाल्यानं जाळली तरी तेच.

दिवाळीनंतर त्यांच्या घरच्या, म्हणजे सुमनकाकू, पुण्याला मुलाकडे गेल्या. नातू तान्हा आणि सून नोकरीवाली. पोर चालायला लागेपर्यंत तिकडेच राहायचं ठरलं. तिथून काकूंनी फोनवर एकच तक्रार केली. "सगळं हाय हितं, विळी तेवडी न्हाई. सुरीनं मेथी चिरायची म्हंजे भाजीची दाढी केल्यागत वाटतंय."

मुलगा म्हणाला, विकत आणतो. तात्यांनी त्याला फोनवरच गप्प केलं. "इकतची नगं. आयसाटी विळी मी करून पाठवनार. सोताच्या हातानं." या गृहस्थांनी तोवर हातोडी धरली होती ती कॅलेंडरचा खिळा ठोकायला. तो खिळा अजून वाकडा आहे.

विळी करायची तर आधी भट्टी हवी. भट्टीसाठी घोडेगाव रस्त्यावरच्या एका गॅरेजात ट्रकचा जुना ब्रेक ड्रम मिळाला, आणि मिळाला तो नेमका शनिवारी. शनीचं शिंगणापूर आमच्या सोनईपासून हाकेच्या अंतरावर. शनिवारी लोखंड घरात आणायची इथं कुणाची टाप नाही. तात्यांनी टेम्पोतून ड्रम उतरवला आणि सरळ आमच्या ओट्यावर ठेवला.

"तात्या, हे काय?"

"उद्या नेतो बाई. शनवारचं लोखंड घरात आनू नये."

"आणि आमच्या घरात आणलं तर चालतं?"

"घरात कुटं? ओट्यावर हाय. आन एका रातीत साडेसाती लागत न्हाई."

माझ्या सासूबाईंनी मात्र धोका पत्करला नाही. त्यांनी ड्रमवर पळीभर तेल वाहिलं आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी ड्रम न्यायला आलेले तात्या खूश झाले. "लई झ्याक केलं. आता गंजनार न्हाई."

भट्टीला सगळे कोळसा घालतात. तात्यांनी बगॅस घातला, म्हणजे उसाचा चोथा. "अख्खा कारखाना यावर चालतो, माझी येवडीशी भट्टी का न्हाई चालनार?" वारा द्यायला धान्य उफणायचा मोठा पंखा आणला. ते चैत्रातले दिवस, आणि आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या. तात्यांनी काडी लावली, पंखा सुरू केला आणि ड्रममधला सगळा पेटता चोथा एका झटक्यात उठून आमच्या गच्चीवर आला. सासूबाई ओल्या पोत्यानं कुरडया झोडपत होत्या आणि खालून तात्या ओरडत होते, "भिऊ नका, दाब जास्त झालाय!"

यंदा आमच्या कुरडया तळायच्या आधीच तांबूस झाल्या.

मग तात्या दगडी कोळशावर आले. पंखा जाऊन, सून इथं विसरून गेली होती तो केस वाळवायचा ड्रायर आला, आणि खरंच सांगते, भट्टी पेटली. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा त्यांनी निखाऱ्यात खुपसला. तो लालभडक झाला, आता ठोकायचा, एवढ्यात घड्याळात बारा वाजले. तात्यांनी शिट्टी फुंकली, ड्रायर तसाच चालू ठेवला आणि जेवायला गेले. सुट्टी म्हणजे सुट्टी. परत आले तोवर निम्मं पातं जळून गेलं होतं. या प्रकाराबद्दल त्यांनी स्वतःला इतकं फैलावर घेतलं, की शेवटी सासूबाईंनी मध्ये पडून त्यांना माफ करायला लावलं.

रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायचा. तात्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर, आणि आमची आळी श्रोते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या दोघांत "वाढू का?" आणि "वाढ" यापलीकडे बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. आता मात्र काकू विचारायच्या, "झाली का विळी?" तात्या सांगायचे, पात वाकली, तापलेली विझवताना पाणी जादा बसलं, चिरली. काकू हसायच्या. मग हात भाजला का, मलम लावलं का, जेवलात काय, असं करत दिवेलागण उलटून जायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा मी त्यांना वाटीभर आमटी द्यायला परसात गेले. भट्टी थंड होती. कोपऱ्यातलं पोतं सरकलं होतं आणि त्याखाली एक विळी होती. सुताराकडून पाट बसवून घेतलेली, पात सुरेख वळलेली. मी बोट लावून पाहिलं, धार अशी की बोट वाचलं तेच नशीब.

"तात्या, अहो ही तर तयार आहे! माझा भाऊ उद्याच पुण्याला निघालाय. देऊ का त्याच्याबरोबर?"

तात्यांनी घाईघाईनं विळी पोत्यात गुंडाळली. "न्हाई न्हाई. आजून काम हाय तिच्यात."

"काय काम राहिलंय?"

त्यांनी माझ्या हातातली आमटीची वाटी घेतली. मग म्हणाले, "बाई, झाली म्हनून सांगितलं, तर उद्या ती मला इचारील काय?"

या माणसाला मी इतके महिने हसत होते, आणि त्या वेळी हसू काही येईना. "आमटी गार होईल," एवढंच म्हणून मी घरी आले.

परवा काकूंचा मलाच फोन आला. "बाई, खरं सांगा, झाली का वो विळी?"

मी शिक्षिका. मुलांना रोज सांगते, नेहमी खरं बोलावं. तरी बेधडक म्हणाले, "कसली होतेय काकू! पुन्हा वाकडी झाली. अजून पुष्कळ वेळ लागेल."

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या आणि त्यांनी आवाज बारीक केला. "सुनंनं संक्रांतीलाच आनलीय हितं विळी. चांगली हाय. नातू दाखवाया व्हिडिओ लावला, की मी ती आधी कपाटामागं सरकवती. त्यान्ला बोलू नका हां. आत्ता कुटं बोलाया लागलेत माज्याशी."

मी दोघांनाही काही बोललेले नाही. तुम्ही सोनईला आलात, तर तुम्हीही बोलू नका.