चविष्ट कशावरून?

ओकिनावा बेटावरच्या शाळेतून चिनेन बाई निवृत्त झाल्या होत्या, पण पाचवीचा वर्ग काही त्यांच्याकडून सुटत नव्हता. त्यांना आणखी एक वर्ष ठेवायचं की नाही, याची शिफारस मुख्याध्यापक तोगुची सर त्या शुक्रवारी लिहिणार होते. म्हणून बाईंनी त्या दिवशीच्या धड्यासाठी सगळ्यांत निरुपद्रवी मजकूर निवडला, शाळेच्या जेवणाचं पत्रक. मागे एकदा बातमी वाचायला दिली तर पालकांच्या तक्रारी आल्या होत्या. पत्रकावरून कोण भांडणार?

"छापलंय म्हणून लगेच खरं मानायचं नाही," बाई म्हणाल्या. "कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? आणि आपण ते मानलं तर फायदा कुणाचा?"

मियुनाने खणखणीत आवाजात वाचलं, "'मंगळवारचं कारलं फारच चविष्ट होतं. नेहमीप्रमाणे मी ताट चाटूनपुसून साफ केलं. तुम्हीही करा.' हे तोगुची सर सांगतायत."

"त्यांना कळणारच," कानता म्हणाला. "जेवण चांगलं आहे का बघायला आपल्या आधी तेच जेवतात."

"त्यांना जेवताना तू पाहिलंयस?" मियुनाने विचारलं.

"मी कशाला बघू?"

"मग कशावरून?"

मुलं असं विचारायला लागली की बाईंना नोकरी, शिफारस कशाचंच भान राहत नसे. "शाब्बास! मग आता कसं शोधायचं?"

"बघून!" वर्ग ओरडला, आणि बाई खडू ठेवेपर्यंत व्हरांड्यात पोचलासुद्धा.

सरांची जेवायची वेळ झाली होती, आणि त्या दिवशीही नेमकं कारलंच होतं. मुख्याध्यापकांच्या खिडकीला सगळी नाकं चिकटली. आत तोगुची सर जेवायच्या काड्यांनी कारल्याचा एकेक तुकडा उचलून शेजारच्या ताटात टाकत होते, आणि उपमुख्याध्यापक गुशिकेन सर तो मुकाट्याने गिळत होते.

"सर, चविष्ट आहे हे तुम्हाला कसं कळलं?" मियुनाने खिडकीतूनच विचारलं.

सरांच्या हातातली काडी खाली पडली. "ते... हे गुशिकेन सर सांगतात."

"मी?" गुशिकेन सर दचकले. "मी कधी काही बोललोय का, सर?"

"म्हणजे ऐकीवसुद्धा नाही," कानता म्हणाला. "आणि फायदा सरांचाच. कारलं खावं लागत नाही!"

"अरे, हळू बोल रे!" सर काकुळतीला आले. "इथे घरोघरी कारलं शिजतं. ओकिनावाचा माणूस आणि कारलं खात नाही, हे गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही!"

बाईंनी डोळे मिटून घेतले. गेली शिफारस.

मियुना मात्र अदबीने वाकली. "सर, एक तुकडा खाऊन बघता का? म्हणजे पुढच्या वेळी स्वतःच्या माहितीवर लिहिता येईल."

आता नाही कसं म्हणणार? सरांनी तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. डोळ्यांतून पाणी आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात गुशिकेन सरांनी.

संध्याकाळी सरांनी बाईंपुढे कागद सरकवला. 'चिनेन बाई उत्तम शिकवतात. त्यांना ठेवावे.' बाईंचा जीव भांड्यात पडला. तिथेच आभार मानून उठायचं, पण खोड जाते थोडीच?

"सर," त्या म्हणाल्या, "कारल्याबद्दलही तुम्ही असंच लिहिलं होतं."

तोगुची सरांनी कागद परत ओढला आणि खाली एक ओळ वाढवली.

'ही माहिती ऐकीव नाही. तोंड अजून कडू आहे.'