देवपूरहून दिसणारी रांग

दवाखान्याच्या काउंटरवर दिपमालाने आक्काबाईंचं नाव टाइप करून एंटर दाबलं आणि पडद्यावर ते नेहमीचं गोल चाक फिरायला लागलं. चाक थांबेपर्यंत आक्काबाईंचा खोकला सांगून झाला, सुनेचं पित्त सांगून झालं आणि गाडी सुनेच्या माहेरावर घसरली. मागे रांग थेट पायरीपर्यंत गेली होती. शेवटी पडद्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' असं उमटलं, तेव्हा मगन कंपाउंडर पुटपुटला, की सकाळपासून लोक दुसरं काय करताहेत.

आत डॉ. कुंदन भदाणे रिकाम्या दरवाजाकडे बघत बसले होते. बाहेर पेशंट मावत नव्हते आणि आत एकही येत नव्हता. कॉम्प्युटरवर पेशंटची माहिती उघडल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच मोठ्या हौसेने केला होता. तेवढ्यात देवपूरच्या घरून आबांचा फोन आला.

"कुंदन, ती पिवळ्या लुगड्यातली बाई कधीची बसली आहे रे? खोकतेय बिचारी."

"घेतो आबा. सॉफ्टवेअर जरा स्लो आहे."

"माझ्या वेळी नव्हतं बुवा काही स्लो," असं म्हणून आबांनी फोन ठेवला.

आबा म्हणजे कुंदनरावांचे वडील, डॉ. आधार भदाणे. धुळ्यातला हा दवाखाना त्यांनी उभा केला. अर्धे पेशंट त्यांच्या औषधाने बरे होत आणि उरलेले अर्धे त्यांचा ओरडा खाऊन. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते नाइलाजाने घरी बसले आणि मुलाने पहिलं काम केलं ते केसपेपरचे गठ्ठे माळ्यावर टाकण्याचं. पूर्वी जिथे मिक्श्चर बनायचं त्या खोलीत सर्व्हर येऊन बसला. त्याला एसी मिळाला. पेशंटना पंखा होता, तोही वारा कमी आणि कुरकुर जास्त करणारा. डॉक्टरांच्या केबिनमध्ये लोक खुशाल चपला घालून जात, पण सर्व्हरच्या खोलीत खुद्द डॉक्टर अनवाणी शिरत.

आबा घरी बसले खरे, पण त्यांना चैन पडेना. तोच पेपर पुन्हा पुन्हा वाचायचा, भाजीत मीठ कमी म्हणायचं, मग जास्त म्हणायचं. सून मेटाकुटीला आली. शेवटी कुंदनरावांनी दवाखान्यातला कॅमेरा सर्व्हरमार्फत घरच्या टीव्हीला जोडून दिला. आबांना जणू नोकरी परत मिळाली. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते ओपीडीच्या वेळेला टीव्हीपुढे बसायला लागले. शेजारचे जीवराम नाना चहाला येऊन तिथेच रमायचे. पेशंटच्या चालण्यावरून दोघं त्याचा आजार ओळखायचे आणि चुकले तर पेशंटला नावं ठेवायचे.

रोज ती न हलणारी रांग बघून मात्र आबांचा धीर सुटला. एकदा जेवताना त्यांनी जाहीर केलं, "दसऱ्यापर्यंत रांग हलली नाही, तर मी येऊन बसतो."

कुंदनरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला. डिग्री मिळाल्यावर कितीतरी वर्षं ते आबांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसले होते आणि लोक त्यांना 'छोटे डॉक्टर' म्हणत होते. आता डोक्यावरचे केस गेल्यावर पुन्हा छोटं व्हायची त्यांची अजिबात तयारी नव्हती.

त्यांनी जळगावहून प्रशील नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. डॉक्टरांना सकाळी वेळ नसे, म्हणून तो दुपारी आला. दवाखाना बंद, सगळं शांत. त्याने एक नाव टाइप केलं आणि बोट उचलायच्या आत माहिती समोर हजर.

"सर, हे तर पळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाक पुन्हा फिरायला लागलं. प्रशील पुन्हा दुपारी आला, सर्व्हरची धूळ काढली, वायरी बदलल्या. सॉफ्टवेअर हरणासारखं पळालं आणि सकाळी पुन्हा बसलं. असं बऱ्याचदा झालं, तेव्हा डॉक्टरांनी निदान केलं. दुपारी चालतं, सकाळी चालत नाही. दुपारी काय नसतं? स्टाफ नसतो. म्हणजे मशीन ठणठणीत आहे, माणसं सुस्त आहेत.

"सर, मी भराभर टाइप करते, पण ते उघडतच नाही," दिपमाला म्हणाली.

"दुपारी उघडतं."

"दुपारी मी घरी असते ना सर."

"तेच म्हणतोय मी."

लगेच दिपमालाच्या डोक्यावर एक कॅमेरा लागला. मगन पाण्याच्या माठापाशी रेंगाळतो असा संशय होता, म्हणून माठावर एक लागला. मग पॅसेजमध्ये, मग औषधांच्या खिडकीवर. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगला मशीनचा वेगळा डबा घ्यावा लागेल, असं प्रशीलने सुचवलं. एवढा मोठा सर्व्हर एसीत आरामात बसलाय, त्यालाच लाव कामाला, असं डॉक्टर म्हणाले. नवे कॅमेरे आपोआप आबांच्या टीव्हीवरही गेले. आता त्यांना माठापाशी कोण उभं आहे तेसुद्धा दिसायला लागलं, आणि जीवराम नाना चहाबरोबर नाश्त्यालाही थांबू लागले.

सॉफ्टवेअर मात्र आणखी मंदावलं. स्टाफ आणखी सुस्त झाला असं समजून डॉक्टरांनी आणखी कॅमेरे लावले. भिंतीवर आता कॅलेंडरला जागा उरली नाही.

दसरा तोंडावर आला. शेवटी प्रशीलने सांगितलं, की मला एकदा सकाळी बसू द्या. पहिल्या एसटीने तो धुळ्याला आला आणि अनवाणी सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसला. सुरुवातीला पेशंट धडाधड आत जात होते. इंजिनिअरच्या धाकाने स्टाफ सुधारला, असं डॉक्टरांना वाटलं. थोड्या वेळाने चाक फिरायला लागलं आणि प्रशील बाहेर आला.

"सर, सगळे कॅमेरे एकदम, एकदम स्वच्छ चित्रात, कोणीतरी बाहेरून बघतंय. सर्व्हर त्यांनाच पुरवत बसलाय. दिपमालाताईंच्या वाट्याला काही उरतच नाही."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"देवपूरहून. रोज ओपीडी सुरू झाली की लागतं, आज जरा उशिरा लागलं. दुपारी तीन-चार तास बंद असतं."

"झोपतात तेव्हा ते," डॉक्टर हळूच म्हणाले.

दिपमालाने मान वर करून आपल्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याकडे पुरेसा वेळ बघितलं. डॉक्टरांनी ते पाहिलं, सगळ्यांसाठी चहा सांगितला, दिपमालाला स्पेशल, आणि प्रशीलला म्हणाले, "बंद कर."

टीव्हीची जोडणी तुटताच सॉफ्टवेअर असं उधळलं, की आक्काबाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांचं नाव उघडलं. सुनेचा विषय राहूनच गेल्याने त्या जरा नाराजीने आत गेल्या. बघता बघता रांग पायरीवरून बाकापर्यंत आली. कुंदनराव मनातल्या मनात दसऱ्याचं सोनं लुटायला लागले.

चहा यायच्या आधी दारात रिक्षा थांबली. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप, दंडाला धरायला जीवराम नाना, अशा थाटात आबा उतरले.

"टीव्ही गेला. म्हटलं आता इथेच येऊन बघावं."

कुंदनराव उठून उभे राहिले आणि त्यांचे पाय सवयीने स्टुलाकडे वळले. आबा खुर्चीत बसले. आक्काबाई औषधाची पिशवी घेऊन निघाल्याच होत्या.

"काय वं आक्का, कव्हय पासीन बसेल शे?" कधीपासून बसली आहेस, असं आबांनी अहिराणीत विचारलं.

"सकायपासीन, दादा," असं म्हणून आक्काबाई पुन्हा बसल्या.

मग आबांनी सुनेचं पित्त ऐकलं, सुनेचं माहेर ऐकलं, वरणगावला फॅक्टरीत असलेल्या मुलाची चौकशी केली. पुढच्या पेशंटच्या चिठ्ठीवरच्या सगळ्या तपासण्या त्यांनी लाल पेनाने खोडल्या आणि स्टुलाकडे बघून म्हणाले, "छोट्या, खोकल्याला एवढं रक्त कशाला काढतोस?" पेशंट मनापासून हसले. सॉफ्टवेअर जोरात धावत होतं आणि रांग पायरी ओलांडून फाटकाबाहेर गेली होती.

कुंदनराव सटकले ते थेट सर्व्हरच्या खोलीत. या वेळी चपला काढायचं भान त्यांना राहिलं नाही.

"प्रशील, जोडून दे परत."

"सर, सॉफ्टवेअर मरेल. कॅमेऱ्यांसाठी वेगळा डबा घेतला की दोन्ही चालेल, पण तो यायला दिवाळी होईल."

"मरू दे."

दाराच्या फटीतून त्यांना आबा दिसत होते. आबांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा खुलला होता. कुंदनरावांना फार वाईट वाटलं. पण खुर्चीवरही त्यांचा जीव होता, तेव्हा टीव्हीची वायर सैल झाली होती असं सांगून दुपारी त्यांनी आबांना जपून रिक्षात बसवलं.

डबा येईपर्यंत डोकं चालवणं भाग होतं. माळ्यावरून केसपेपरचे गठ्ठे खाली आले. आबा जागे असेपर्यंत कागदावर काम करायचं आणि ते झोपले की दिपमालाने सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं, असं ठरलं. तिने दुपारच्या कामासाठी पगारवाढ मागितली आणि डोक्यावरचा कॅमेरा काढायला लावला. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी मुकाट्याने मान्य केल्या.

कागदावर रांग भराभर सरकली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर बाकावर मोजकी माणसं उरली होती. फोन वाजला तसे कुंदनराव खुर्चीत ताठ बसले. इतक्या वर्षांत आबांकडून शाबासकी ऐकायची ही पहिलीच वेळ येणार होती.

"कुंदन, रांग हलली रे."

"हो आबा."

"जरा सावकाश घे की. पेशंट येतो न येतो तोच आत जातो. मला अन् नानांना आजार ओळखायला वेळच मिळत नाही. इथे बसून करायचं काय मग? त्यापेक्षा मी तिकडेच येऊन बसतो."

कुंदनराव उठून दाराशी आले. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात दिपमालाला सांगितलं, की केसपेपर बाजूला ठेवा, सॉफ्टवेअर सुरू करा, आणि प्रशीलला कळवा, डबा नको म्हणावं.