आठ जीबीचं शहाणपण

"लॅपटॉप मी निवडणार," असं मी जाहीर केलं तेव्हा बायकोने हातातली कामं बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. समजदार माणूस तिथेच थांबला असता.

बायको इमारतींचे आराखडे काढते. तिच्या लॅपटॉपने मान टाकली होती आणि सोमवारी एका शाळेचा आराखडा द्यायचा होता. इतकं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"दादा सांगतोय तोच घेऊन टाकू ना," ती म्हणाली.

दादा म्हणजे माझा मेहुणा. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, म्हणून त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असा घरात एक समज आहे. (मी रेकॉर्ड विभागात हेडक्लार्क आहे, मला फायलींबद्दलसुद्धा कोणी विचारत नाही.) मी त्याला बाजूला सारलं आणि चार दिवस खपून एक तक्ता केला. सत्तावीस रकाने! चार्जरच्या वायरची लांबीसुद्धा सोडली नाही.

शुक्रवारी दुकानात गेलो. विक्रेत्याच्या गळ्यात पट्टा होता आणि चेहऱ्यावर हसू. दोन्ही दुकानाने दिलेली.

"सर, हा तुमचा चेहरा ओळखून उघडतो."

"बावीस वर्षांत माझ्या साहेबांना माझा चेहरा ओळखता आला नाही, हा काय ओळखणार? पुढे."

"कीबोर्डच्या खाली लाइट आहे."

"आमच्या घरी वर आहे. पुढे."

बायको दुसरीकडे बघू लागली. विक्रेत्याने मात्र हसू ढळू दिलं नाही. "मॅडमचं काम आराखड्यांचं आहे, तर रॅम सोळा जीबीची घ्या. आठ पुरणार नाही." आणि त्याने फरकाचा आकडा सांगितला. तेवढ्यात बाजारात तशा चार रॅम आल्या असत्या!

लूट! या लोकांना वाटतं, गिऱ्हाईक म्हणजे डोक्यावर टोपी घालून घ्यायलाच आलेलं असतं. मी मंद हसलो. (असं हसायला मी मेहुण्याकडूनच शिकलोय.) "आठचाच द्या. रॅम आम्ही बाहेरून घेऊन घरी बसवू."

"पण सर, या मॉडेलमध्ये..."

"पण-बिण काही नको. बिल करा."

शनिवारी बायकोने त्यावर शाळा उघडली. भिंती आल्या, खिडक्या आल्या, जिना काही येईना. मग चहा करून आणला, पिऊन झाला, तरी दुसऱ्या मजल्यावरची मुलं खाली उतरतील कशी याचा पत्ता नाही. ती नुसते कप उचलून आत गेली. ती बोलते तेव्हा बरं असतं.

"अर्ध्या तासाचं काम," म्हणत मी सुटी रॅम घेऊन आलो आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. दहा स्क्रू सहज निघाले. अकरावा निघेना, म्हणून झाकण जरा ओढलं. 'कट्' असा आवाज झाला.

"काय तुटलं?"

"काही नाही गं. उघडलं."

आत पाहिलं. पंखा दिसला, बॅटरी दिसली. रॅमची जागा कुठे दिसेना. उलटा केला, विजेरी लावली. अखेर माझ्या डोळ्यांदेखत बायकोने फोन उचलला आणि दादाला लावला. स्पीकरवर.

"या मॉडेलची रॅम बोर्डावरच पक्की जोडलेली असते, भावोजी," मेहुणा इतक्या प्रेमाने म्हणाला की मला त्याचा गळा धरावासा वाटला. "नंतर वाढवता येत नाही. तुम्ही उघडला तर नाही ना?"

"छे!" मी म्हणालो. तेवढ्यात मांडीवरचे तीन स्क्रू खणखणत फरशीवर पडले. स्पीकर उत्तम होता.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा त्याच दुकानात. तक्ता मी घरीच ठेवला होता. बायकोने तीन प्रश्न विचारले: रॅम किती, पुढे वाढवता येते का, आज मिळेल का. पाच मिनिटांत लॅपटॉप ठरला. (शाळा सोमवारी वेळेवर पोचली, जिन्यासकट, आणि पसंतही पडली. हे इथेच सांगून टाकतो, कारण त्यात माझा काही हात नाही.)

आमचा दोन दिवसांचा लॅपटॉप त्यांनी 'जुना' म्हणून निम्म्या भावात परत घ्यायचं कबूल केलं. विक्रेता फॉर्म भरायला बसला.

"वस्तूत काही दोष?" त्याने विचारलं.

"वस्तूत नाही हो," बायको म्हणाली.

त्याने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता तो रकाना भरून टाकला. काय लिहिलं ते वाचायचा धीर मला झाला नाही.

खाली सही मात्र माझीच घेतली.