व्हरांडा ही चौथी अवस्था नव्हे

मठपती मास्तर पाणी पिण्याआधी पाण्याची चौकशी करत. तांब्या डोळ्यांसमोर धरायचा, आत डोकावायचं आणि दारात आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारायचं, "कुटनं आलात हो? वाटेत कोन कोन भेटलं?" मग जरा थांबायचं. मग तांब्या उंच धरून गटागटा प्यायचं.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो आणि त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, सोलापूरचं ऊन बाधलं यांना.

तेव्हा माझी पंचविशीही उलटली नव्हती. पत्रकं वाचून वाढलो होतो आणि आता स्वतः लिहीत होतो. बंड म्हणजे सभा, घोषणा आणि शाईनं काळी झालेली बोटं, अशी माझी पक्की समजूत. मास्तरांना पत्रक दिलं की ते लांब धरून बघत आणि परत करत. "तुजं लई मोठ्यानं असतंय बाबा." त्यांचं स्वतःचं सगळं बंड एका कणावर उभं होतं.

ते शास्त्र शिकवत. जगातली प्रत्येक वस्तू बारीक कणांची झालेली आहे, ते कण सतत हलत असतात आणि दोन कणांच्या मध्ये फट असते, एवढं सांगताना या माणसाच्या अंगात येई. घरी कानडी बोलणारा माणूस, रंगात आला की मराठीत कानडी मिसळायचा. "नोडप्पा! बघ बाबा! बर्फ, पाणी, वाफ. कण तेच, चाल वेगळी!"

हे ते फळ्यावर शिकवत नसत. पोरांना मैदानात न्यायचे आणि पोरांचेच कण करायचे. "घन व्हा!" म्हटलं की सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, जागेवर थरथरायचं, पण जागा सोडायची नाही. "द्रव!" म्हटलं की एकमेकांना घासत सरकायचं. "वायू!" म्हटलं की सुटायचं. एकदा वायू झालेली दोन पोरं सिद्धेश्वराच्या तळ्यावर पोहायला गेली ती दुसऱ्या दिवशीच उगवली. हेडमास्तर भडकले. मास्तर शांतपणे म्हणाले, "पोरांची चूक न्हाय साहेब. भांडं उघडं ऱ्हायलं होतं."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. पण शाळेत महारवाड्यातली तीन मुलं होती. ती व्हरांड्यात बसत आणि दारातून दिसेल तेवढा फळा शिकत. घन पदार्थ उभा करताना मास्तरांनी त्या तिघांना बोलावून बरोबर मधोमध घातलं. शेजारचं एक पोरगं बिचकून बाजूला सरकलं. मास्तर ओरडले, "ए, भेग पडली की! चिकट, चिकट!"

ती भेग मग गावभर पडली. दोन दिवसांत शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब वर्गात हजर. धान्याची मोठी अडत, सोन्याच्या काडीचा चष्मा.

"मास्तर, शिकवा काय शिकवायचं ते. पण शिवाशिव चालणार नाही."

"पर साहेब, तुमच्या अडतीवर पोती हीच माणसं उचलतात न्हवं?"

"धान्य कोरडं असतं. कोरड्याला विटाळ नाही. विटाळ पाण्याला."

मास्तरांचा चेहरा असा उजळला, की मला धडकी भरली. "सटवा, आन रे!"

सटवा त्या तिघांतला थोरला. स्टेशनावरच्या सोडावाल्याकडून आणलेला बर्फाचा खडा व्हरांड्यात गोणपाटात, भुश्यात ठेवलेला होता. सटवानं तो उघड्या हातानं उचलला.

"साहेब, ह्यो दगडावानी हाय. कोरडाच म्हनायचा न्हवं?"

रावसाहेब सावध होते, पण पोरांपुढं अडखळायचं नव्हतं. "असेल," म्हणाले.

"पोरांनो, फिरवा!"

सटवाच्या हातातून खडा वर्गात निघाला. "आई गं, गार हाय की!" "धर की लवकर!" "बोटं चिकटली माजी!" जोशांचा, तेल्याचा, पद्मशाल्यांचा, मोमिनांचा, सगळ्यांचा हात लागून तो काचेच्या भांड्यात पडला. खाली दिवा पेटला. खड्याचं पाणी झालं.

"आता सांगा साहेब. ह्यात कण एक वाढला न्हाय. कुटल्या घटकेला बाटलं हे?"

रावसाहेब नीट बघायला भांड्यावर वाकले. तोवर पाण्याला वाफ सुटली होती. चष्मा पांढरा झाला. त्यांनी उपरण्यानं काचा पुसल्या आणि पुसता पुसता थबकले.

"पुसून काय उपयोग?" मास्तर अगदी काळजीनं म्हणाले. "मगाधरनं नाकानं आत घेताय की तुमी."

वर्ग हसून फुटला. मास्तरांनी दिवा विझवला, थोडं पाणी तांब्यात ओतून गार केलं आणि सवयीनं विचारलं, "कुटनं आलात हो?"

दारातून सटवा ओरडला, "स्टेशनावरनं, मास्तर!"

मास्तर प्याले. रावसाहेबांनी जाता जाता बजावलं: उद्या सकाळी लेखी माफी हवी, मुलं व्हरांड्यातच बसतील अशी हमी हवी, नाहीतर नोकरी संपली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कागद दिला. त्यावर दोनच ओळी होत्या: 'पदार्थाच्या अवस्था तीन आहेत. व्हरांडा ही चौथी नव्हे.' नोकरी दुपारच्या आत गेली. पुढच्या आठवड्यापासून ते महारवाड्यातल्या लिंबाखाली शिकवू लागले. तिथं व्हरांडाच नव्हता. आमच्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत वायू होऊन तिकडं जात, आणि मी ती मोजायचं विसरत असे.

पण आदल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. त्या दोन ओळी वाचून मी नाचायचाच बाकी होतो. म्हणालो, "मास्तर, हे मी छापतो! एवढं धैर्य आणलंत कुठून?"

"धैर्य कसलं?" ते माठातून पाणी घेत होते. "मानमोडीची साथ आलती तवा आमची लेक गौरव्वा तापानं फणफणलेली. पाणी पाणी करायची. घरातलं संपलेलं. गल्ली झाडणारी बाई तांब्या भरून उंबऱ्यापाशी ठेवून गेली. मी जंगमाच्या सोवळ्या घरचा. अंगणात ओतून दिलं. म्हटलं, आपल्या हातानं आनू." माठावर झाकण ठेवत म्हणाले, "इहीर लांब होती. आलो तवा घागर भरलेली होती, पर तिची तहान ऱ्हायली नव्हती."

मी हातातला कागद घडी घालून त्यांच्यापुढं ठेवला.

"मग शास्त्राचं पुस्तक हातात आलं. कण नाहीसा होत न्हाय म्हनं. मंजे ते पाणी गेलं न्हाय. मातीत जिरलं असंल, उन्हानं वर गेलं असंल, कुटंतरी पडलं असंल. फिरतंच हाय की."

त्यांनी तांब्या डोळ्यांसमोर धरला. आत डोकावले.

"कुटनं आलात हो?"

या वेळी मी हसलो नाही. तेही नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबले, आणि मग एक थेंबही न सांडता प्याले.