शेंड्यावरचा चोर

लेक झोपलीय. ती उठायच्या आत सांगून टाकते.

यंदा आमच्या सफरचंदाच्या बागेत विषारी फवारणी होणार नाही, असं मी घरात ठणकावून सांगितलं! लेक रांगते, दिसेल ते तोंडात घालते. आणि उपाय मी शोधलाच होता: झाडाझाडाला लाल दोऱ्या. त्यांतून फळं पोखरणाऱ्या पतंगाच्या मादीचा वास सुटतो. चहूकडे वासच वास. नर बिचारा भिरभिरतो, पण खरी मादी काही सापडत नाही! जोडीच जमली नाही, तर अळ्या कुठल्या? लेकीला पाठीशी बांधून दोनशे झाडांना दोऱ्या मी एकटीने बांधल्या.

"एक जरी फळ किडलं, तरी फवारणीचा पंप बाहेर काढीन," सासरे म्हणाले.

आणि चारच दिवसांत पहिल्या ओळीतल्या दोऱ्या गायब! पाचव्या दिवशी दुसरी ओळ साफ!

"बाबाच काढतायत. फळं किडावीत म्हणून!" मी नवऱ्याच्या कानात म्हटलं.

"बाबा? अगं, त्यांना डोक्यावरचा चष्मा सापडत नाही!"

पण माझी नजर होतीच. त्यांच्या चपलांना ओला चिखल. शिडीची जागा बदललेली. आणि मला पाहताच शीळ बंद! निर्दोष माणूस शीळ अर्धवट सोडतो का हो?

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला कडेवर घेऊन मी झाडाआड दबा धरला. सासरे शिडीवरून फांदीवर चढले. खिशातून लाल दोऱ्या लोंबत होत्या! मी धावले आणि शिडी खाली ओढली.

"सापडलात! आता बसा तिथेच!"

"सूनबाई, आधी शिडी लाव!"

"आधी दोऱ्या!"

"अगं, वर बघ!"

पाहिलं. शेंड्याला एक लाल दोरी. शेजारच्या झाडाच्या शेंड्यालाही. दोन्ही ओळींत, सगळ्या शेंड्यांना!

"पतंगांच्या भेटीगाठी शेंड्याला होतात," सासरे फांदीला मिठी मारून म्हणाले. "तू बांधल्यास कमरेएवढ्या उंचीवर. तिथे फक्त मुंग्यांचं ब्रह्मचर्य राखलं जात होतं!"

"मग... फवारणी?"

"ही रांगायला लागली त्याच दिवशी औषधाचे डबे दुकानात परत दिले. तुला उगाच दम दिला होता."

लेक आजोबांना बघून टाळ्या पिटत होती.

"मला सांगायचं तरी, बाबा!"

"आलो होतो सांगायला. तू म्हणालीस, हे शास्त्र आहे, तुम्ही जरा बाळाला धरा."

मी गुपचूप शिडी लावली. "उरलेल्या ओळी मी करते," असंही म्हणाले.

"नको," सासरे म्हणाले. "तू जरा बाळाला धर."